एबीएच्या प्रॅक्टिकमसाठी जागा निवडताना काय विचारावं?

ओंजळ
नमस्कार मंडळी. मी उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातलं एबीए (वर्तन कशामुळे घडतं ते मोजून ते बदलायचं शास्त्र), या विषयात मास्टर्स करते आहे. दुसरं सत्र सुरू झालंय आणि आता फील्डवर्कला, म्हणजे देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाला (प्रॅक्टिकमला) लागायचं आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि माझा निर्णय होत नाहीये.

पहिलं ठिकाण मोठं थेरपी सेंटर. टेक्निशियन म्हणून रीतसर नोकरी, पगार, रोज सहा-सात तास मुलांबरोबर थेट काम. "तुमचे तास भराभर भरतील," असं त्यांनी आपणहून सांगितलं. सुपरव्हिजन बहुतेक गटात आणि ऑनलाइन.

दुसरं ठिकाण लहान. शाळांमध्ये जाऊन शिक्षकांना मदत करणं आणि थोडी घरची सेशन्स. मानधन नावापुरतं. पण सुपरवायजर स्वतः सेशनला येऊन बसतात. तास सावकाश भरतील.

वर्गात वाचन भरपूर झालंय. १९६८च्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांच्या लेखातले, एबीए कशाला म्हणायचं ते ठरवणारे सातही निकष झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण मूल टेबलाखाली जाऊन बसलं तर पुढचं अर्धं मिनिट काय करायचं, ते त्या लेखातून कळत नाही. ज्यांनी प्रॅक्टिकम केलंय, करवून घेतलंय किंवा ज्यांच्या मुलांबरोबर असे विद्यार्थी काम करून गेलेत, त्या सगळ्यांना विचारते: जागा निवडताना काय बघावं, काय विचारावं?

कागदपेन्सिल
पहिली जागा घे. पगार महत्त्वाचा.

तिसरा_बाक
वाचतोय. पुढच्या वर्षी माझ्यावर हीच वेळ येणार आहे.

अनघड
ओंजळ, आधी हिशोब मांडू. "तास भराभर भरतील" हे वाक्य मी बऱ्याच विद्यार्थ्यांकडून ऐकलंय आणि दरवेळी तोच प्रश्न विचारते: कुठले तास?

वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी बोर्डाच्या, म्हणजे बीएसीबीच्या, २०२२ पासूनच्या नियमांत दोन वाटा आहेत. साधं फील्डवर्क २००० तासांचं, त्यात दर महिन्याच्या तासांच्या किमान ५ टक्के सुपरव्हिजन. सघन फील्डवर्क १५०० तासांचं, त्यात किमान १० टक्के. साध्या वाटेवर महिन्याला सुपरवायजरशी किमान ४ भेटी, सघनमध्ये ६. क्लायंटबरोबर काम करताना सुपरवायजरने तुला महिन्यातून किमान एकदा बघायलाच हवं. गटातली सुपरव्हिजन एकूण सुपरव्हिजनच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, आणि गटात १० पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत.

आता मेख ऐक. एकूण तासांपैकी किमान ६० टक्के 'अनरिस्ट्रिक्टेड' कामाचे लागतात. म्हणजे निरीक्षण, मूल्यमापन, ग्राफ काढून त्यावरून निर्णय घेणं, कार्यक्रम लिहिणं आणि बदलणं, पालकांना आणि स्टाफला शिकवणं. दुसऱ्याने लिहिलेला कार्यक्रम मुलासमोर बसून राबवणं हे 'रिस्ट्रिक्टेड', ते ४० टक्क्यांपर्यंतच मोजलं जातं. २००० तासांत ८००. रोज सहा-सात तास थेट काम केलंस तर ते ८०० काही महिन्यांत संपतील. उरलेले १२०० तास देणार कोण आणि कोणत्या वेळेत? सेंटरला पहिला प्रश्न हा विचार, आणि उत्तर तोंडी घेऊ नकोस.

कागदपेन्सिल
अनघडताई, आकडे मान्य. पण १२०० तास बिनपगारी काम करायला घरचं पाठबळ लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. दिवसा टेक्निशियन, संध्याकाळी वर्ग, रात्री ग्राफ. त्या नोकरीमुळेच डिग्री हातात आली.

आणि थेट कामाला इतकं खाली बसवू नका. प्रॉम्प्ट (उत्तरासाठीचा इशारा) देण्याआधी किती थांबायचं, प्रबलक (वर्तन वाढवणारं बक्षीस) किती चटकन हातात पडला पाहिजे, समोरचं मूल कंटाळलंय की दमलंय, हे मीटिंगमध्ये बसून समजत नाही. ज्याने स्वतः सेशन घेतलेली नाहीत तो पुढे टेक्निशियनसाठी असे कार्यक्रम लिहितो की करणाऱ्याला तीन हात लागतात. पहिले सहा महिने विद्यार्थ्याने फक्त सेशनच घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

अनघड
तीन हातांचं शंभर टक्के खरं. थेट कामाला माझा विरोध नाहीच. माझं म्हणणं एवढंच की ते करताना कोणीतरी बघणारं हवं. न बघता शंभर सेशन्स झाली की चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात, आणि पुढे त्या मोडायला दुप्पट वेळ जातो. पगाराबद्दल तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. विद्यार्थ्यांच्या श्रमावर चालणारी सेंटर्स मीही बघितली आहेत. सुपरव्हिजन देतो म्हणून पगार कापणं हा प्रकार तर मला अजिबात पटत नाही.

चष्मा_आणि_घड्याळ
"बघणारं कोणी हवं" यावरून एक प्रसंग सांगतो. मी सुपरवायजर आहे, शाळांमध्ये काम करतो.

एका विद्यार्थिनीबरोबर वर्गात मागे बसलो होतो. मोजायचं वर्तन: जागेवरून उठणं. दोघांनी स्वतंत्र कागदावर खुणा करायच्या, एकमेकांकडे बघायचं नाही. वीस मिनिटांनी कागद शेजारी ठेवले. तिच्या ४ खुणा, माझ्या ९. लहान आकडा भागिले मोठा, म्हणजे एकवाक्यता ४४ टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या खाली असेल तर तो डेटा विश्वासाचा धरत नाहीत.

मग प्रत्येक खूण आठवत बसलो. मुलगा एक गुडघा खुर्चीवर ठेवून पुढच्या बाकावर ओणवा व्हायचा. ते मी 'उठणं' धरलं, तिने नाही. पेन्सिल उचलायला वाकला तेव्हाही तेच. आमच्या व्याख्येत फक्त "जागा सोडणे" एवढंच लिहिलेलं होतं. तिथेच तिने नवी व्याख्या लिहिली: बूड खुर्चीपासून पूर्ण सुटलेलं, सलग ३ सेकंद किंवा जास्त, आणि बाईंनी सांगितलेलं नसताना. पेन्सिल उचलणं वगळलं, गुडघा टेकलेला असला तरी मोजायचं ठरलं. दुसऱ्या तासाला तिच्या ७, माझ्या ८.

मग मी तिला विचारलं, ८७.५ टक्के आलेत, आता खूश का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आकडे जुळलेत, पण आपण एकाच वेळेला एकच गोष्ट बघितली कशावरून?" अगदी बरोबर. एकाने पहिल्या दहा मिनिटांत सात मोजले आणि दुसऱ्याने शेवटच्या दहा मिनिटांत आठ, तरी टक्केवारी तीच येते. म्हणून मग वेळेचे छोटे तुकडे पाडून तुकड्यागणिक ताळा केला.

हे सगळं तिच्या पाठ्यपुस्तकात होतं, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. पण त्या दिवशी दोन कागद शेजारी पडले तेव्हा तिला व्याख्या लिहिण्याचं महत्त्व कळलं. ओंजळ, सुपरवायजर सेशनला येऊन 'बसतात' हे तू लिहिलंस, छान. पुढे हेही विचार की बसून ते करतात काय.

सायली_म
चष्माजी, हा प्रतिसाद साठवून ठेवला. आमच्याकडे एकवाक्यता म्हणजे महिन्याच्या शेवटी फॉर्मवर ९० टक्के लिहायचं.

अनघड
सायली, हे फार गंभीर आहे गं. न घेतलेला डेटा लिहिणं हा थेट आचारसंहितेचा भंग आहे, आणि फॉर्मवर सही तुझीही असते. दुसरा सुपरवायजर शोध. व्यनि करते.

तिसरा_बाक
एक बाळबोध प्रश्न. ग्राफ हाताने काढावेत की ॲपवर? आमचे प्राध्यापक हाताने काढायला लावतात.

गवाक्ष
सुरुवातीला हातानेच. टप्पा बदलला की उभी रेघ मारायची, टप्प्यापलीकडे बिंदू जोडायचे नाहीत, अक्षावर किती अंतराने आकडे घ्यायचे, हे हाताने करताना डोक्यात बसतं. ॲप अक्ष आपोआप ताणतं आणि दोनाचा फरक डोंगराएवढा दिसतो.

कागदपेन्सिल
माझं नाव बघा आणि उत्तर समजून घ्या :)

उंबरठा
मी एक आई. माझा मुलगा लहान असताना आमच्याकडे असे बरेच विद्यार्थी येऊन गेले. इथे सगळे तासांबद्दल बोलताय म्हणून मला लिहावंसं वाटलं.

तुमचे तास म्हणजे माझ्या मुलाच्या दुपारी आहेत. एखादी ताई येते, त्याला तिची सवय होते, तो तिच्याशी हसायला लागतो, आणि सत्र संपलं की ती येणं बंद. दुसऱ्या सोमवारी दारात नवीन चेहरा. कोणी त्याला सांगितलेलं नसतं, मला आदल्या रात्री मेसेज. पुढचे पंधरा दिवस तो दाराची घंटा वाजली की लपायचा.

दुसरं, येणारी व्यक्ती शिकाऊ आहे आणि तिच्यावर देखरेख कोणाची आहे, हे मला पहिल्या एजन्सीने सांगितलंच नव्हतं. बोलण्याबोलण्यात कळलं. मी नाही म्हटलं नसतं. उलट शिकाऊ मुलं जास्त मनापासून काम करतात, असं माझं मत आहे. पण विचारायला हवं होतं.

ओंजळ, तू विचारायचा प्रश्न असा: मी इथून जाईन तेव्हा माझं काम कोणाकडे आणि कसं सोपवलं जाईल?

ओंजळ
उंबरठाताई, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. मनापासून आभार. नक्की विचारणार.

चष्मा_आणि_घड्याळ
उंबरठाताई, तुमचं प्रत्येक वाक्य विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. निघण्याआधी नव्या व्यक्तीने जुन्या व्यक्तीबरोबर काही सेशन्स एकत्र घ्यायची, मुलाला आवडणाऱ्या गोष्टी नव्या व्यक्तीच्या हातून मिळू द्यायच्या, हे प्रॅक्टिकमच्या वेळापत्रकातच बसवायला हवं. अनरिस्ट्रिक्टेड तासांत ते मोजताही येतं.

निळा_पंखा
मी ऑटिस्टिक आहे, वय तिशीच्या पुढे. लहानपणी मला बरीच वर्षं एबीए दिलं गेलं. इथे लिहू की नको असा विचार करत होतो.

मला डोळ्यांत बघायला शिकवलं, हात मांडीवर स्थिर ठेवायला शिकवलं. दोन्ही मला आले. ग्राफ नक्कीच सुंदर दिसत असतील. डोळ्यांत बघत असताना समोरचा काय बोलतोय ते मला ऐकू येत नाही, हे मात्र कोणी मोजलं नाही. हात हलवणं कोणाला त्रासाचं होतं, तेही कोणी विचारलं नाही.

या क्षेत्राचा इतिहास तुम्हाला माहीत असेलच. ऑटिस्टिक मुलांवरच्या एबीएचा १९८७चा लोव्हास या मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास सगळे सांगतात: १९ मुलं, आठवड्याला ४० तास, त्यातली ९ 'नॉर्मल' शाळेत गेली. त्याच अभ्यासात मोठ्याने 'नाही' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही पद्धतीचा भाग होतं, ते सांगताना आवाज खाली जातो.

आज काम करणारे सगळे तसे आहेत असं मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच की प्रॅक्टिकममध्ये विद्यार्थ्याला 'नाही' ओळखायला शिकवा. बोलता न येणारं मूल 'नाही' कसं म्हणतं? मान फिरवतं, कार्ड ढकलतं, अंग कडक करतं, एकदम फार आज्ञाधारक होतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण कोणाला ते त्रासाचं लक्षण वाटतच नाही.

अनघड
निळा_पंखा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

२०२२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत क्लायंटच्या स्वतःच्या होकाराचा, म्हणजे असेंटचा, उल्लेख आहे. कागदावर तेवढं पुरतं. प्रत्यक्षात मी विद्यार्थ्यांना कुठलंही नवं काम सुरू करण्याआधी लिहायला लावते की या मुलाचा होकार कसा दिसतो आणि नकार कसा दिसतो, वर्तनाच्या भाषेत, मोजता येईल असं. आणि नकार दिसला की काय करायचं तेही. तुम्ही म्हणता ते 'एकदम आज्ञाधारक होणं' मात्र आजवर माझ्या यादीत कधी आलेलं नाही. आजपासून येईल.

कागदपेन्सिल
इथे थोडा वेगळा सूर लावतो. दात घासणं, रस्ता ओलांडताना थांबणं, इंजेक्शन घेणं, यात दरवेळी मुलाचा नकार मान्य करून कसं चालेल? विद्यार्थ्याला तेवढंच शिकवलं तर तो पहिल्या रडण्याला काम थांबवेल, आणि रडण्याने काम थांबतं हे मूल शिकेल. मग मुलाचंच नुकसान.

निळा_पंखा
रस्त्यावर थांबवा, हात धरा, मी वाद घालणार नाही. पण दिवसातले किती प्रसंग रस्त्यावरचे असतात आणि किती लाल ठोकळा लाल डब्यात टाकण्याचे?

कागदपेन्सिल
हे मान्य. माझ्या सेशन्समध्ये ठोकळेच जास्त असायचे.

गवाक्ष
कागदपेन्सिल, "रडण्याने काम थांबतं हे मूल शिकेल" यावर मला मोठं लिहायचं आहे, कारण माझ्या प्रॅक्टिकममधली सगळ्यात मोलाची शिकवण तिथेच आहे. मी नुकतीच प्रमाणित झाले आहे, त्यामुळे आठवणी ताज्या आहेत.

वाचनाच्या तासाला एक मुलगी टेबलावर हात आपटायची. जोरात, तळहात लाल होईपर्यंत. वर्गातल्या सगळ्यांचं मत एक: लक्ष वेधण्यासाठी करते. कारण आपटलं की बाई येऊन जवळ बसायच्या. सल्ला तयार होता, दुर्लक्ष करा.

सुपरवायजरने मला विचारलं, तुझा अंदाज काय आणि तो डेटात कुठे दिसतो? मी आधी काय घडलं, मग वर्तन, मग नंतर काय घडलं अशा नोंदी काढून दाखवल्या. आपटणं जवळजवळ नेहमी पान उलटल्यावर सुरू व्हायचं. नंतर बाई यायच्या, आणि म्हणायच्या, "बरं, राहू दे, थोड्या वेळाने करू." म्हणजे एकाच क्षणी तिला दोन गोष्टी मिळत होत्या, बाईंचं लक्ष आणि वाचनातून सुटका. नुसत्या नोंदींवरून त्या वेगळ्या करता येत नव्हत्या. इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेलं फंक्शनल ॲनालिसिस नेमकं याचसाठी आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

सुपरवायजर आणि बाई दोघींच्या मदतीने छोटी चाचणी झाली, आई-वडिलांची लेखी संमती घेऊन. काही वेळ बाई सतत जवळ बसून, पण वाचन सुरूच. आपटणं तसंच. मग वाचनच नाही आणि बाई लांब. आपटणं जवळजवळ बंद. दुर्लक्षाचा सल्ला पाळला असता तर बाई लांब राहिल्या असत्या, वाचन अर्धवट राहिलं असतं, म्हणजे तिला हवी असलेली सुटकाच मिळाली असती. तळहात लालच राहिले असते.

पुढचं काम कार आणि ड्युरंड यांच्या १९८५च्या मार्गाने, म्हणजे त्रासाच्या वर्तनाऐवजी तीच गोष्ट मागायला शिकवून. तिला 'थांबूया' असं कार्ड द्यायला शिकवलं. कार्ड दिलं की लगेच थांबायचं, एकदाही टाळायचं नाही. आपटणं कमी झालं आणि वर्गात आनंदीआनंद. पण मग ती दर ओळीला कार्ड द्यायला लागली आणि वाचन होईना. इथे बाई माझ्यावर वैतागल्या. सुपरवायजर शांत होत्या, कारण हे होणार हे त्यांना माहीत होतं. कार्ड दिल्यावर आधी एक शब्द वाचून मग थांबायचं, नंतर एक ओळ, असं हळूहळू वाढवत नेलं. त्याच वेळी मी धड्याची काठिण्यपातळी तपासली, तर तो तिच्या आवाक्याबाहेरचाच होता. सोपा धडा दिल्यावर निम्मी कार्डं आपोआप कमी झाली.

म्हणजे तिचा नकार ऐकला, आणि वाचनही सुटलं नाही. निळा_पंखा आणि कागदपेन्सिल दोघंही बरोबर आहेत, पण हे दोन्ही साधायला एखादी व्यक्ती शिकवणारी लागते. मला ती मिळाली. तिने मला एकदाही थेट उत्तर दिलं नाही.

मधली_सुट्टी
गवाक्ष, मी त्या बाईंच्या जागी असते :) शाळेत शिकवते. आमच्याकडे येणारे सल्लागार जाडजूड योजना ठेवून जातात. दर दोन मिनिटांनी एका मुलाची नोंद करा म्हणतात, आणि वर्ग भरलेला. करणार कोण?

एक विद्यार्थी मात्र आठवतो. त्याने आधी मला करायला सांगितलंच नाही. तोंडी समजावलं, मग स्वतः वर्गात करून दाखवलं, मधल्या सुट्टीत तो मुलगा झाला आणि मी सराव केला, आणि शेवटी मी वर्गात करताना मागे उभा राहून नंतर दोनच गोष्टी सांगितल्या, एक जमलेली, एक बदलायची. त्याची योजना अर्ध्या पानाची होती आणि ती मी वर्षभर वापरली.

अनघड
मधली_सुट्टी, त्याने केलं ते बिहेवियर स्किल्स ट्रेनिंग: सांगणं, दाखवणं, करवून घेणं, अभिप्राय. विद्यार्थ्यांना हे नाव सगळ्यांना पाठ असतं. गंमत म्हणजे त्यांना शिकवताना आपणच ते वापरत नाही, स्लाइड दाखवतो. ओंजळ, हाही एक प्रश्न: तुम्ही मला शिकवणार कसं?

उंबरठा
आणि टेबलाबाहेर काय होतं तेही बघायला शिकवा हो. माझ्या मुलाला सेंटरमध्ये पाणी मागायला यायचं, प्रगतिपत्रकात शंभर टक्के. घरी तहान लागली की नळाखाली उभा.

चष्मा_आणि_घड्याळ
स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलंय की एका जागी शिकवून ते दुसरीकडे आपोआप होईल अशी आशा धरणं ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे. अजूनही तसंच चाललंय. सुरुवातीपासून वेगवेगळ्या माणसांबरोबर, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या पेल्यांतून शिकवायला हवं. ओंजळच्या दुसऱ्या जागेत शाळा आणि घर दोन्ही आहे, हा त्या जागेचा मोठा फायदा.

लोखंडी_जिना
सगळी चर्चा ऑटिझमभोवती फिरतेय म्हणून. मी याच विषयात मास्टर्स केलं आणि प्रॅक्टिकम एका कारखान्यात, सुरक्षिततेवर. कामगार सुरक्षा-चष्मा घालतात का, कधी घालत नाहीत, मुकादम काय बोलतो, हे मोजायचं. कळलं असं की चष्म्यांची पेटी मशिनपासून लांब होती. पेटी जवळ आणली आणि दर आठवड्याला गटाचा ग्राफ भिंतीवर लावला. वर्तन विश्लेषण माणसं, संस्था, वृद्धाश्रम, प्राण्यांचं प्रशिक्षण सगळीकडे चालतं. तेही तास मोजले जातात, सुपरवायजर पात्र असला की झालं.

तिसरा_बाक
हे माहीतच नव्हतं! वर्गात कोणी सांगितलं नाही.

अवांतर: धागा सारखा वर येतोय, आता ओंजळचं धागे काढण्याचं वर्तन वाढणार. आपण सगळ्यांनी मिळून प्रबलन केलंय.

चष्मा_आणि_घड्याळ
वाढलं तरच प्रबलन म्हणायचं. आधी मोजा, मग बोला :)

परदेशी_पाखरू
एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. २०२३ पासून बीएसीबीने बहुतेक देशांतल्या रहिवाशांचे नवे अर्ज घेणं थांबवलं आहे. तुम्ही राहता त्या देशातून अर्ज चालतो का हे फील्डवर्क सुरू करण्याआधी बोर्डाच्या संकेतस्थळावर बघा. चालत नसेल तर आयबीएओसारख्या (वर्तन विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संस्था) संस्थांची प्रमाणपत्रं आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या. सगळे तास भरून झाल्यावर हे कळलेले विद्यार्थी मला भेटलेत. फार वाईट वाटतं.

सायली_म
अनघडताईंशी बोलणं झालं. नवीन सुपरवायजर मिळाल्या आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं सेशन बघितलं आणि म्हणाल्या, प्रॉम्प्ट देण्याआधी मनात तीन मोज. त्या मुलाने तिसऱ्या आकड्याच्या आत स्वतः उत्तर दिलं. इतके महिने मी त्याला संधीच देत नव्हते, आणि हे सांगणारं कोणी नव्हतं.

ओंजळ
मंडळी, दोन्ही ठिकाणी पुन्हा जाऊन आले, तुमचे प्रश्न घेऊन.

सेंटरमध्ये विचारलं की अनरिस्ट्रिक्टेड तास कसे देणार. उत्तर: "त्याचं नंतर बघू, आधी सुरुवात करा." सुपरवायजरला भेटता आलं नाही. मी निघाल्यावर मुलांचं काय, यावर त्यांनी सांगितलं की टेक्निशियन बदलतच असतात.

दुसऱ्या ठिकाणी सुपरवायजर स्वतः बोलल्या. पहिल्या महिन्याला मी काय करीन त्याचा लिखित आराखडा दाखवला, कुठलं कौशल्य कसं तपासणार तेही. सोपवण्याचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी उलट मलाच विचारलं की हा प्रश्न कुठून आला. मी या धाग्याबद्दल सांगितलं. असेंटबद्दल म्हणाल्या की त्यांच्याकडे तसा लिखित तक्ता नाही, मी बनवला तर तो माझा पहिला प्रकल्प.

पैशांचं कोडं आहेच. कागदपेन्सिल, तुमचं म्हणणं विसरले नाही. मी आठवड्यातले दोन दिवस दुसरीकडे साधी नोकरी करणार आणि साध्या २००० तासांच्या वाटेने जाणार. वेळ जास्त लागेल, पण फील्डवर्क पूर्ण करायला पाच वर्षांची मुदत असते, तेवढ्यात होईल. दुसरी जागा घेतेय.

कागदपेन्सिल
आराखडा पहिल्याच भेटीत दाखवला म्हणजे चांगली जागा दिसते. घे. मी माझा पहिला सल्ला मागे घेतो. थेट कामाबद्दलचा मात्र नाही, घरची सेशन्स जितकी मिळतील तितकी माग.

निळा_पंखा
तक्ता बनवायला घेशील तेव्हा मला व्यनि कर. वाचून सांगेन. आणखी दोन-तीन ऑटिस्टिक मित्रांनाही विचारतो.

ओंजळ
नक्की! या आठवड्यातच करते. सोमवारपासून जायचं ठरतंय.

अनघड
थांब, सोमवारच्या आधी एक काम. सुपरव्हिजनचा करार दोघींच्या सह्यांनिशी हातात घे, त्याआधीचा एकही तास धरला जात नाही. महिन्याच्या पडताळणी फॉर्मवर पुढचा महिना संपायच्या आत सही झालीच पाहिजे. आणि सगळ्या कागदांची तुझी स्वतःची प्रत ठेव, सात वर्षं जपायच्या असतात. सुपरवायजर कितीही चांगल्या असल्या तरी.

ओंजळ
करार उद्याच मागते. फाइलही आणली आहे.